रात्रीच्या भिंगाचा हिशेब

रात्री झोपताना डोळ्यांत कडक भिंगे घालावयाची, सकाळी ती काढून ठेवावयाची आणि दिवसभर चष्म्यावाचून फळ्यावरची अक्षरे वाचावयाची, अशी सोय आता भारतातील मोठ्या शहरांतही मिळू लागली आहे. ‘ऑर्थोकेराटॉलॉजी’ अशा जडजंबाल नावाची ही पद्धत शाळकरी मुलांच्या पालकांना मोहात पाडते, यात नवल नाही. तो मोह अगदीच निराधार आहे असेही नाही. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी भिंगे वापरणाऱ्या मुलांच्या नेत्रगोलाची लांबी दोन वर्षांत चष्मा वापरणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी वाढली. लघुदृष्टी वाढते ती मुख्यतः नेत्रगोल लांबल्यामुळे. तेव्हा हे फळ क्षुल्लक नव्हे. प्रश्न आहे तो या फळासाठी पारपटलाला काय मोजावे लागते, हा.

भिंग साच्याप्रमाणे दाबून डोळ्याला आकार देते, अशी समजूत प्रचलित आहे. प्रत्यक्षात भिंगाची आतील बाजू मध्यभागी पारपटलापेक्षा सपाट आणि तिच्या भोवतालच्या वर्तुळात अधिक बाकदार असते. भिंगाखालच्या अश्रूंच्या पातळ थरात त्यामुळे असमान दाब निर्माण होतो; मधला अभिस्तर पातळ होतो, कडेचा भाग जाड होतो. पारपटलाची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यांपैकी हा वरचा अभिस्तर अवघा ५० मायक्रॉनांच्या आसपास. ६ मिलिमीटर व्यासाच्या भागात एक डायॉप्टर नंबर उतरवावयाचा तर मध्य आणि कड यांच्यात सुमारे १२ मायक्रॉनांचा फरक पाडावा लागतो. भांडवल एवढे तुटपुंजे असल्यावर मोठ्या नंबरासाठी सुधारलेला भाग लहान ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. मग अंधारात बाहुली मोठी झाली, की दिव्यांभोवती वलये दिसू लागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली रात्रीच्या वापरास संमती दिली, ती सहा डायॉप्टरपर्यंतच्या लघुदृष्टीपुरतीच. भिंगे बंद केली की पारपटल काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, मूळ आकाराकडे परतते. हा गुण मानावा की दोष, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्याला ‘नंबर कायमचा गेला’ म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय.

पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत. जागेपणी ते हवेतून प्राणवायू घेते. पापण्या मिटल्यावर हा पुरवठा जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो आणि निरोगी डोळ्याचे पारपटलही सकाळपर्यंत तीन-चार टक्क्यांनी सुजते. त्यावर रात्रभर भिंग! १९६२ साली शिकागोचे जॉर्ज जेसन यांनी ही कल्पना मांडली, तेव्हाच्या भिंगांचे प्लॅस्टिक प्राणवायू जवळजवळ अडवीत असे. ती दिवसा वापरावी लागत. प्राणवायू जाऊ देणारे पदार्थ आले तेव्हाच रात्रीचा वापर शक्य झाला. श्वासाचा प्रश्न अशा रीतीने बऱ्याच अंशी सुटला. जंतूंचा सुटला नाही.

जो अभिस्तर पातळ होतो, तोच जंतूंना अडविणारा तटही आहे. २००१ पासून चीन, तैवान आणि हाँगकाँग येथून पारपटलाच्या जंतुसंसर्गाच्या बातम्या येऊ लागल्या. पहिल्या ५० रुग्णांचा आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक रुग्ण पूर्व आशियातील होते आणि त्यांत ९ ते १५ वर्षांच्या मुलांचा भरणा मोठा होता. ५० पैकी १५ जणांना अकॅन्थअमीबा या सूक्ष्मजीवाने ग्रासले होते. हा जीव नळाच्या पाण्यात आढळतो, आणि त्याचा संसर्ग महिनोन् महिने ठाण मांडून दृष्टी घालवू शकतो. पुरेशा प्रशिक्षणावाचून भिंगे बसविणारे आणि ती नळाखाली धुणारे, असा तो दुहेरी निष्काळजीपणा होता. चीनने पुढे नियम कडक केले. अमेरिकेतील वापराची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली; तीत मुलांमध्ये दर १०,००० रुग्णवर्षांमागे सुमारे १४ संसर्ग आढळले. आकडा लहान आहे खरा. पण लघुदृष्टी म्हणजे काही प्राणघातक व्याधी नव्हे; चष्म्याने भागणाऱ्या मुलाचा डोळा यात पणाला लागतो, आणि पणाला लावणारे मूल नसते.

ज्या घरात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दोन दिवस पुरवावे लागते, तेथे ‘भिंगाला पाणी लावू नये’ ही सूचना इंग्रजी चिठोऱ्यावर छापून भागणार नाही. ती पालकांना समजेल अशा भाषेत, भिंग हातात घेऊन शिकविली पाहिजे. भिंगे महाग आहेत. ठरलेली मुदत संपल्यावरही आणखी वर्षभर चालविण्याचा मोह मध्यमवर्गीय घरात होणारच, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून पारपटलाचा नकाशा काढल्यावाचून भिंग देऊ नये, पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी तपासणी व्हावी, पुढील तपासण्यांचा व नव्या भिंगांचा खर्च आरंभीच लेखी सांगितला जावा, आणि डोळा लाल झाल्यास त्याच दिवशी कोणाकडे जावयाचे ते त्याच कागदावर लिहिलेले असावे. एवढे करण्याची ज्याची तयारी नाही, त्याला मुलांच्या डोळ्यांना भिंगे लावण्याची मुभा असता कामा नये.