बुरशी प्लास्टिक खाईलही, पण कचरा वेगळा कोण करणार?

दर वर्षा-दोन वर्षांनी एक बातमी मोबाइलवर फिरू लागते : प्लास्टिक खाणारी बुरशी सापडली. बातमी खोटी नसते. पण ती वाचून काढला जाणारा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. आता विज्ञानच प्लास्टिकचा निकाल लावणार, मग दुधाची रिकामी पिशवी कुठे टाकली याने काय फरक पडतो, असे वाटू लागते. फरक पडतो, आणि तो थेट आरोग्यावर पडतो.

आधी बुरशीचे काम समजून घेऊ. तिला तोंड नाही, पोट नाही. ती एन्झाइम, म्हणजे विकरे, शरीराबाहेर सोडते. समोरचा पदार्थ बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. शेताच्या कडेला रचलेल्या पऱ्हाट्या पावसात भिजून ठिसूळ होतात, त्यामागे तीच असते. लाकडातले लिग्निन अतिशय चिवट. तेही फोडणारी विकरे काही बुरशींकडे आहेत. म्हणूनच प्लास्टिकसाठी शास्त्रज्ञांचे लक्ष तिच्याकडे गेले.

२०११ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. इक्वेडोरच्या जंगलातील वनस्पतींमध्ये सापडलेली 'पेस्टालोटिऑप्सिस मायक्रोस्पोरा' ही बुरशी पॉलियुरेथेनवर जगू शकते, ऑक्सिजन नसतानाही, असे त्यांना आढळले. २०१७ मध्ये इस्लामाबादच्या कचरा डेपोतील 'अस्परजिलस ट्युबिंजेन्सिस'बद्दल असेच निष्कर्ष आले. पण पॉलियुरेथेन म्हणजे गादीतला फोम, चपलेचा तळ. आपल्या नाल्यांत तुंबतात त्या पिशव्या पॉलिथिनच्या. त्यात कार्बनची सलग साखळी असते आणि विकरांना धरायला सहज जागा मिळत नाही.

२०२३ मध्ये सिडनी विद्यापीठाने पॉलिप्रॉपिलीनवर दोन बुरशी वापरल्या. ३० दिवसांत २१ टक्के आणि ९० दिवसांत २५ ते २७ टक्के प्लास्टिक कमी झाले. प्रगती मोठीच; मात्र त्याआधी प्लास्टिकला अतिनील किरण, उष्णता किंवा रसायनांनी कमकुवत करावे लागले होते. प्रयोगशाळेतल्या निवडक, स्वच्छ तुकड्यांना तीन महिने लागतात, तर माती, खरकटे आणि गुटख्याच्या पुड्या एकत्र झालेल्या ढिगाचे काय होईल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

इथे वैद्यकाची एक सूचनाही ऐकायला हवी. सिडनीच्या प्रयोगातली एक बुरशी 'अस्परजिलस टेरियस' होती. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात ती गंभीर संसर्ग करू शकते. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या साथीत ज्या अॅम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरले, ते औषध या बुरशीवर सहसा चालत नाही. याचा अर्थ संशोधन थांबवावे असा नाही. बंद टाकीत, नियंत्रित परिस्थितीत ते जरूर व्हावे. पण पोत्यातून बुरशी आणून कचरा डेपोवर शिंपडणे हा उपाय नव्हे.

परभणी जिल्ह्याला बुरशीचा शहाणा वापर नवा नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'बायोमिक्स' हळद आणि अद्रकाचे शेतकरी नेतात. त्यात ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशी असतात. ओळखलेली बुरशी, ठरलेली मात्रा, ठरलेले पीक, ही शिस्त असल्यामुळेच ते चालते. प्लास्टिकच्या बाबतीत एवढी तयारी व्हायला वेळ लागेल.

तोवर नुकसान थांबून राहत नाही. पहाटे रस्त्याच्या कडेला पेटवलेल्या ढिगातून सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि, पीव्हीसी असेल तर, डायॉक्सिनसारखी विषे बाहेर पडतात. दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांना हा धूर लगेच बाधतो. हिवाळ्यात शेकोटीत पिशव्या टाकण्याची सवयही तितकीच वाईट. फेकलेल्या कपात चमचाभर पाणी साचले तरी डेंगीच्या डासाला अंडी घालायला पुरते. आठ-दहा दिवसांत तिथून नवे डास उडतात. शिळ्या पोळ्यांची गाठ मारलेली पिशवी गाय तशीच गिळते. ती कोठीपोटात साठत जाते आणि शेवटी शस्त्रक्रिया करून काढावी लागते.

गावातला उकिरडाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. शेण, पालापाचोळा, राख यांचे बुरशी आणि जिवाणू वर्षभरात खत करत. आता त्याच खताबरोबर शाम्पूच्या पुड्याही शेतात जातात आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत खोलवर उतरतात. मल्चिंग पेपरचे तुकडे आणि ठिबकच्या फाटक्या नळ्या त्यात भर घालतात. त्यांचे हळूहळू सूक्ष्म कण होतात. असे प्लास्टिकचे कण माणसाच्या रक्तात आणि गर्भवतीच्या वारेतही आढळले आहेत.

कायदा कमी नाही. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला पिशव्यांसह अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या अनेक वस्तू बंद केल्या. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांत आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये दंड ठरवला. तरीही बाजारात हात पुढे केला की पिशवी मिळते, आणि घंटागाडीत सगळे एकत्रच पडते.

खरी मेख इथेच आहे. २०२० मध्ये फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीच्या संशोधकांनी सुधारित विकर वापरून पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी प्लास्टिक १० तासांत ९० टक्के सुटे केले. भविष्यातला कारखाना असा असू शकतो. पण त्यालाही पीईटी वेगळे काढलेलेच लागते. म्हणजे उद्या बुरशी यशस्वी होवो, विकर यशस्वी होवो किंवा आजचा भंगारवालाच उपयोगी पडो, कचरा वेगळा करण्यातून सुटका नाही.

म्हणून बातमीची वाट पाहण्यापेक्षा काही साध्या गोष्टी मागायला हव्यात. घंटागाडीत दोन स्वतंत्र कप्पे असावेत आणि डेपोवर ते पुन्हा एक होऊ नयेत. कचरावेचकांना हातमोजे, मास्क आणि धनुर्वाताची लस मिळावी. ठिबक आणि मल्चिंग विकणाऱ्या कंपन्यांनी हंगाम संपल्यावर जुना माल परत घ्यावा. तालुक्याच्या बाजार समितीत त्यासाठी जागा देता येईल. ग्रामपंचायतीने उकिरड्याआधी प्लास्टिक काढून घेण्याचा दिवस ठरवावा. घरात दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, वेगळी ठेवायला एक मिनिट लागतो.

वेगळा केलेला ओला कचरा बुरशीकडे सोपवावा. त्याचे खत ती आजही करते, फुकट आणि कोणत्याही नव्या शोधाविना. तिच्या ताटात प्लास्टिक वाढायची घाई नको. आधी तिचे नेहमीचे जेवण तरी तिला स्वच्छ मिळू दे.