टोपीची घडी कुठे गेली?



माझ्याजवळ माझ्या वडिलांचा एक फोटो आहे. २०१४ सालच्या वैशाखात, भर दुपारी, गावच्या घराच्या दारात ते उभे असताना मी तो माझ्या साध्या मोबाइलने काढला. मागे माजघरातला काळोख, पुढे अंगावर लख्ख ऊन आणि डोक्यावर नुकतीच धुतलेली, कडक घडीची पांढरी टोपी. फोटोत काळोखातली कणगीसुद्धा दिसते. पण टोपीच्या जागी नुसता पांढरा डाग आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी वडील गेले. संगणकावर तो फोटो मी नाना परींनी गडद करून पाहिला. पांढरा डाग करडा झाला, घडी मात्र उमटली नाही.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झाली, म्हणून तुम्हांला आग्रहाने सांगतो: फोटो काढताना आधी उजळ भाग सांभाळा, अंधाराचे नंतर पाहू.

असे का? पावसात पागोळ्यांखाली एका ओळीत वाट्या ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. कोणत्या वाटीत किती पाणी साठले यावरून कुठे किती पाणी पडले ते कळेल. परंतु दोन वाट्या काठोकाठ भरून वाहू लागल्या, तर त्यांपैकी कुठे जास्त पडले हे सांगता येईल काय? मुळीच नाही!

डिजिटल कॅमेऱ्यातील सिलिकॉनच्या चिपवर अशाच लक्षावधी सूक्ष्म वाट्या असतात. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे होतात व वाटीत साठतात. विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत याच धर्तीची योजना मांडली आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या मोबाइलमधील चिपची रचना निराळी असली तरी प्रकाशाने निर्माण झालेला विद्युतभार साठवून मोजायचा, हे तत्त्व तेच आहे.

नेहमीच्या फोटोत ही मोजणी ० ते २५५ या आकड्यांत नोंदली जाते. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे शुभ्र. वाटी भरली की प्रकाश दुप्पट असो वा दसपट, नोंद २५५ चीच! आणि घडी म्हणजे तरी काय? शेजारच्या दोन भागांवरून येणाऱ्या प्रकाशातला फरक. दोन्हीकडे २५५ लिहिले गेले की फरक शून्य, आणि घडी गेली. जुन्या निगेटिव्ह फिल्मचा प्रतिसाद तीव्र प्रकाशात हळूहळू मंदावत असे, त्यामुळे थोडाफार भेद शिल्लक राही. चिप मात्र काठापर्यंत चोख मोजते आणि काठाला एकदम थांबते.

माझ्या मोबाइलने चूक का केली? कॅमेऱ्यातील प्रकाशमापक साऱ्या दृश्याची साधारण सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या रंगाइतकी व्हावी असे पाहतो. दाराचा काळोख मोठा, टोपी लहान. त्याने काळोख उजळला आणि टोपी बुडवली.

तुम्ही म्हणाल, मग सगळे फोटो काळेच काढावेत की काय? तसेही नाही. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, पावसाच्या थेंबांसारखे कमीजास्त पडतात. सरासरी १०,००० फोटॉन येत असतील तर सुमारे १०० चा, म्हणजे १ टक्क्याचा फरक पडतो. १०० च येत असतील तर १० चा, म्हणजे तब्बल १० टक्क्यांचा! म्हणूनच अंधारलेला फोटो उजळला की तो रवाळ दिसतो. तेव्हा वाटी भरू द्यावी, पण वाहू देऊ नये. रवाळ भागात माहिती थोडी तरी असते. वाहून गेलेल्या भागात ती नसतेच.

‘हल्लीचे मोबाइल कमीजास्त प्रकाशाचे अनेक फोटो घेऊन आपोआप जुळवतात,’ असेही कोणी म्हणेल. खरे आहे, आणि ती सोय चांगली आहे. पण दिव्याची ज्योत पांढरी झाली तर फारसे बिघडत नाही, आजोबांची टोपी झाली तर बिघडते. हा विवेक यंत्राने करावा अशी अपेक्षा मला पटत नाही. तो आपणच करायचा.

एक प्रयोग करा. पांढरा कागद चुरगळून उन्हात, अंधाऱ्या दारापुढे ठेवा. एक फोटो आपोआप येईल तसा घ्या. दुसऱ्या वेळी पडद्यावर कागदावरच बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा. बऱ्याच मोबाइलमध्ये त्यासाठी सरकपट्टी असते. मग पहिला फोटो गडद करा, दुसरा उजळा. चुण्या कोणत्या फोटोत परत येतात ते स्वतः पाहा.

प्रयोगशाळेत अ‍ॅमीटरचा काटा शेवटच्या रेघेला टेकलेला असताना कोणी ते वाचन वहीत लिहिले, तर मी ते खोडायला लावतो. कारण ते मोजमाप नव्हे, मोजमाप संपल्याची खूण आहे. पांढरा डागही तसाच. प्रकाशाच्या धड्याबरोबर एक तास शाळेने या प्रयोगाला द्यावा, असे माझे मत आहे. तोवर तुम्ही घरच्या वडीलधाऱ्यांचे फोटो काढाल, तेव्हा आधी टोपीकडे, पदराकडे, पिकल्या केसांकडे पाहा.