पडद्यावरचा फळा कुणाच्या नावाचा?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. धड्याचा व्हिडिओ करताना शिक्षकानं स्क्रीन रेकॉर्डिंगचं कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं, हे सध्या शिक्षक सोडून बाकी सगळे ठरवतात. माझा राग त्यावर आहे.

पुण्याची बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली आणि तीनच वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, प्रत्येक शिक्षकाला घरच्या घरी बालचित्रवाणी व्हावं लागलं. शिक्षक झालेही. पण त्यांच्या हातात साधन कोणतं द्यायचं, याचा विचार अजून धड झालेला नाही.

माझी भाची उपनगरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान आलं : सर्वांनी अमुकच सॉफ्टवेअर वापरावं, वर्षाचे पैसे ज्याचे त्यानं भरावेत. पैसे न भरता वापरलं तर व्हिडिओच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव उमटतं आणि ठरावीक मिनिटांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. म्हणजे बहुव्रीही समास समजावता समजावता बाईंचं तोंडच बंद! वर्गातल्या फळ्यावर कोणी साबणाची जाहिरात छापली असती तर पालकांनी मोर्चा आणला असता. इथे मात्र सगळे गप्प.

बरं, पैसे भरले तरी सुटका नाही. अशा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये संपादनाची मूळ फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत, तर एक चुकलेली वेलांटी दुरुस्त करायचीही सोय उरत नाही. आपला धडा आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

शिक्षकाला खरं लागतं तरी काय? पडदा दिसावा, आवाज स्वच्छ यावा, फाइल कुठल्याही फोनवर उघडावी आणि ती आपल्याच संगणकावर राहावी. एवढंच. विंडोज ११ मधलं स्निपिंग टूल आता पडद्याचं रेकॉर्डिंग करतं. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच ती सोय आहे. याहून जास्त हवं असेल तर ओबीएस स्टुडिओ आहे : २०१२ पासूनचं, फुकट, कोणाचा शिक्का नाही, वेळेची मर्यादा नाही. मात्र तेही डोळे मिटून लादू नका. पहिल्या दिवशी 'सीन' आणि 'सोर्स' हे शब्द बघून माणूस गांगरतो. शिवाय २०२२ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीपासून ते विंडोज ७ वर चालत नाही, आणि शाळांच्या संगणक कक्षात अजून काय काय जुनं धूळ खात पडलंय हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, फुकटचं ते कामचलाऊ. त्यांनी आमच्या शेजारच्या पवईत डोकावून यावं. आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प उभा केला, तो मुक्त सॉफ्टवेअरच्याच जोरावर. तिथली शिस्त बघा. आधी संहिता लिहायची, मग रेकॉर्डिंग. एक पाठ साधारण १० मिनिटांचा. चित्र तेच ठेवून आवाज मराठी, तमिळ, बंगाली अशा निरनिराळ्या भाषांत वेगळा भरायचा. ही किमया सॉफ्टवेअरच्या किमतीची नाही, आधी लिहून काढण्याची आहे. पूर्वी आम्ही पाठाचं टाचण काढत होतो, ते याहून वेगळं काय होतं?

महागड्या सॉफ्टवेअरमध्ये काटछाट सोपी होते, माउसजवळचा भाग छान मोठा होतो, हे मला मान्य आहे. रोज व्हिडिओ करणाऱ्याला ते जरूर द्यावं. पण मग पैसे शाळेनं भरावेत! खडू आणि डस्टर कधी शिक्षकाच्या पगारातून आणायला लावले होते का? आणि त्याच पैशात शाळेनं प्रत्येकाला कॉलरला लावायचा साधा माइक दिला, तर मुलांचं जास्त भलं होईल. चित्र थोडं अंधूक असलं तरी मूल चालवून घेतं. आवाज कळला नाही की ते व्हिडिओ बंद करतं.

तेव्हा मुख्याध्यापकांना हात जोडून सांगणं आहे : फर्मान काढण्याआधी चार शिक्षकांना त्यांच्याच संगणकावर पाच मिनिटांचा धडा करून बघू द्या आणि ते म्हणतील ते घ्या. आणि शिक्षकांनो, तुमच्या धड्यावर नाव असलंच तर ते तुमचं असू द्या.