परसातली कोंबडी, तव्यावरचा घोटाळा

मैत्रिणींनो, घोटाळा म्हटलं की आपल्याला वर्तमानपत्राचं पहिलं पान आठवतं. सुरतेत मात्र संध्याकाळ झाली की माणसं पाव हातात घेऊन घोटाळा खायला लारीसमोर उभी राहतात. लारी म्हणजे आपली हातगाडी. तिथला घोटाळा अंड्याचा, आणि गुजरातीत त्याला म्हणतात ‘घोटाळो’.

माझी धाकटी नणंद लग्नानंतर सुरतेला गेली. घर उधन्याला. त्या भागात खानदेशातून गिरण्यांत आणि लूमवर कामाला आलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत, त्यामुळे तिला भाषेची अडचण आली नाही. माहेरची कानडी, शाळेतली मराठी आणि आता गुजराती, तिन्ही सफाईनं बोलते. घरामागं चार हात परसू आहे, त्यात तिनं पाच कोंबड्या पाळल्यात. आपण ज्यांना मराठीत आणि कानडीतही ‘जवारी’ म्हणतो, त्यांना तिचे खानदेशी शेजारी ‘गावरान’ म्हणतात आणि गुजराती शेजारी ‘देशी’. कोंबडी तीच. दर रविवारी सासूबाईंचा फोन जातो आणि लेकीची चौकशी करायच्या आधी प्रश्न येतो, “तत्ति एष्ट अदाव?” अंडी किती आहेत?

गेल्या थंडीत मी आठ दिवस तिच्याकडे राहिले. तिचं सगळं पद्धतशीर. खुराडं जमिनीपासून हातभर उंच, मुंगूस आणि मांजर शिरू नये म्हणून बारीक जाळी लावलेली. अंडी घालायला कोपऱ्यात भाताच्या काडाची बुट्टी. अंडं रोज उचलायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि वर पेन्सिलीनं तारीख लिहायची. धुवायचं नाही. कवचाला बारीक छिद्रं असतात आणि वर एक नैसर्गिक लेप असतो. धुतलं की तो जातो, आणि बाहेरची घाण आत जायला वाट मिळते. धुवायचंच तर फोडायच्या आधी.

“वहिनी, उकडायला कालचं अंडं घेऊ नका हं,” ती म्हणाली. ताज्या अंड्याचं कवच पांढऱ्याला चिकटून बसतं, सोलताना निम्मं अंडं कवचाबरोबर जातं. पाच-सहा दिवसांचं घ्यावं. तारीख पुसली गेली असेल तर पाण्यात सोडून बघावं. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्यायचं. उकळत्या पाण्यात जवारी अंडं आठ-नऊ मिनिटं पुरे, मग लगेच गार पाण्यात. जास्त उकडलं की पिवळ्याभोवती हिरवट कडं येतं. ते विषारी नाही, पण चव जाते.

घोटाळ्यासाठी तिनं सहा अंडी उकडून किसणीवर किसली. तव्यावर तेल-लोणी तापवून कांदा, आलं-लसूण-हिरव्या मिरचीचं वाटण, टोमॅटो आणि मूठभर ओली लसणीची पात टाकली. थंडीत सुरतेच्या बाजारात ही पात भरपूर मिळते, आणि खरी चव तिचीच. मसाला शिजल्यावर अंड्याचा कीस, थोडं पाणी, कोथिंबीर. लारीवर यानंतर एक कच्चं-पक्कं हाफ फ्राय वर टाकून कलथ्यानं त्यात घोटतात. हिनं मात्र वरचं अंडं पूर्ण शिजवून मगच घोटलं.

“अगं, मऊ पिवळं मिसळण्यातच मजा असते ना?” मी म्हटलं.

ती म्हणाली, “शेजारच्या बेनना विचारा.”

शेजारच्या बेन उच्छलकडच्या. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूरचं स्टेशन आहे, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. पलीकडं उच्छल तालुका. तो तेव्हा सुरत जिल्ह्यात होता, 2007 साली तापी जिल्हा वेगळा झाला आणि त्यात गेला. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला. रोग मोठ्या पोल्ट्रींमध्ये दिसला होता, पण विषाणूला पोल्ट्री आणि परसू असा फरक कळत नाही. ठरलेल्या टापूतले सगळे पक्षी मारायचे ठरले, महाराष्ट्रातले आणि गुजरातेतलेही. पांढऱ्या पोशाखातली, तोंड झाकलेली माणसं गावागावांत, घराघरांत फिरली.

बेनच्या आईच्या नऊ कोंबड्या होत्या, सगळ्या धडधाकट. त्यातली एक खुडूक होती, बारा अंड्यांवर बसलेली. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी बाहेर येतात. त्या दिवशी अठरावा दिवस होता.

“माणसं वाईट नव्हती,” बेन म्हणाल्या. “त्यांचंही कामच होतं. पैसेही मिळाले. पण आई म्हणायची, तीन दिवस थांबायला काय झालं असतं? थांबता आलं नसतं हे तिलाही कळत होतं.” त्या कोंबड्या म्हणजे आईचा स्वतःचा बटवा होता. मीठ-मिरची, नातवाची वही, बाजाराला जायचं भाडं, सगळं अंड्यांतून. पुढं दोन वर्षं खुराडं रिकामं होतं.

त्या साली लोकांनी अंडी-कोंबडी खाणंच सोडलं होतं. खरं तर 2006 साली भारतात एकाही माणसाला ती लागण झाल्याचं आढळलं नाही, आणि 70 अंशांपर्यंत नीट शिजलेल्या अन्नात तो विषाणू टिकत नाही. म्हणून बेनच्या घरी आणि आता माझ्या नणंदेच्या घरीही अंडं पूर्ण शिजवतात. खाणं बंद नाही, कच्चं बंद. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला, तेव्हाही त्यांनी एवढंच पाळलं.

बेनची गोष्ट ऐकताना माझ्या हातातला पाव तसाच राहिला, कारण मला माझं परसू आठवत होतं. काही वर्षांपूर्वी माझ्या कोंबड्या एकाएकी मलूल झाल्या. हिरवट विष्ठा, मान वाकडी. एका दिवसात दोन मेल्या. आपल्याकडं याला मानमोडी म्हणतात, डॉक्टर राणीखेत म्हणतात. मी काय केलं? मेलेल्या दोन गुपचूप पुरल्या, आणि उरलेल्या तीन मरायच्या आत आठवडी बाजारात विकून आले. कुणाला एक शब्द सांगितला नाही. दहा दिवसांत आमच्या गल्लीतली बहुतेक खुराडी रिकामी झाली. पलीकडच्या अक्कांच्या अकरा कोंबड्या गेल्या. त्यांचाही बटवा तोच होता.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीजणींनी असंच केलं असेल. पैसा बुडू नये म्हणून करतो, आणि त्यानंच जास्त बुडतो. म्हणून चार गोष्टी सांगते. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर विकू नका, कापू नका, उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. उघड्या हातानं शिवू नका, लेकरांना लांब ठेवा, आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू निघालाच तर भरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवण्यात तोटाच.

मानमोडीला तर लस आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पंखाखाली टोचायची दुसरी लस. अडचण एकच. लशीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, बर्फातून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन-अडीच तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून ती गल्लीनं मिळून आणायची असते, आणि गल्ली एकत्र यायची तर आधी एकमेकींना खरं सांगावं लागतं.

सुरतेहून आल्यावर मी पुन्हा खुराडं बांधलं. एक कोंबडी सध्या खुडूक आहे. दहा अंडी ठेवलीत. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात धरून पाहिली, आठांत लाल शिरा दिसल्या, दोन बाजूला काढली. पिल्लं आठवड्याची झाली की कुपी आणणार आहे, सगळ्या गल्लीसाठी.

अक्कांना मी ती बाजाराची गोष्ट अजून सांगितलेली नाही. पण हे पान त्या दर आठवड्याला वाचतात. अक्का, संध्याकाळी येते.