बांधावरून : मुलगी नकाशा शिकते म्हणते, शिकू द्या!



काटोल तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बी.एस्सी. झाली. आता ती कॉम्प्युटरवर नकाशांचे प्रोग्रॅम लिहायला शिकते म्हणते. घरधनी म्हणतात, "हे शेतकऱ्याच्या काय कामाचे?" पत्राच्या शेवटी ताईंनी सहज लिहिले आहे की, मक्त्याने केलेल्या तुकड्याचे चारही बांध शंभर-शंभर मीटर भरले, म्हणून हेक्टरभराचा, म्हणजे अडीच एकरांचा मक्ता ठरला. पण पेरणीला बियाणे दरवर्षी उरते. असे का होते?

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नातच आहे.

चारही बाजू शंभर मीटर म्हणजे एक हेक्टर, हे खरे. पण चारही कोपरे काटकोनात असतील तरच. शेत तिरके असेल तर बाजू तेवढ्याच राहतात आणि क्षेत्र कमी होते. चार सारख्या काड्यांची चौकट करा आणि एका कोपऱ्याने दाबा. काड्या तेवढ्याच राहतील, आतली जागा आक्रसेल. तुमच्या तुकड्याच्या समोरासमोरच्या दोन बांधांमधले सरळ अंतर ८० मीटर असेल, तर क्षेत्र ८० आर, म्हणजे सुमारे दोन एकर. अर्ध्या एकराचा मक्ता जास्त जातो! तणनाशक हेक्टरच्या हिशेबाने फवारले, तर मात्राही सव्वापट पडते. पिकाला चटका बसला की आपण दोष औषधाला देतो.

आता मुलीला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. एक कोपरा शून्य धरायचा. तिथून प्रत्येक कोपरा पूर्वेला किती मीटर आणि उत्तरेला किती मीटर, ते बांधाच्या क्रमाने लिहायचे. समजा, पहिला ० आणि ०, दुसरा १०० आणि ०, तिसरा १६० आणि ८०, चौथा ६० आणि ८०. या कोपऱ्याची पूर्व गुणिले पुढच्याची उत्तर. त्यातून पुढच्याची पूर्व गुणिले याची उत्तर वजा. असे फिरत पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर यायचे. इथे उत्तरे येतात ०, ८०००, ८००० आणि ०. बेरीज १६०००, तिची निम्मी ८००० चौरस मीटर, म्हणजेच ८० आर. शेताला चार कोपरे असोत की चौदा, रीत हीच.

चौदा कोपऱ्यांचा गुणाकार हाताने करताना माणूस चुकतो. हीच रीत कॉम्प्युटरला एकदा समजावून सांगितली, की तो ती न कंटाळता करतो. हे समजावून सांगणे म्हणजेच प्रोग्रॅम. त्यासाठी 'पायथन' नावाची भाषा सोपी आहे. दहा-बारा ओळींत हे काम होते. पायथन विनामूल्य आहे आणि नकाशांसाठीचे 'क्यूजीआयएस'ही विनामूल्य आहे. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात अशा विषयांचे फुकट पाठ मिळतात, अनेक पाठ मराठी निवेदनातही आहेत. तेव्हा नोकरीची हमी देऊन मोठी फी मागणाऱ्या क्लासला आधी पैसे भरू नका.

शिकताना तीन ठिकाणी पाय घसरतो, ते सांगून ठेवतो.

पहिले, अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. नागपूर सुमारे २१.१५ उत्तर अक्षांश आणि ७९.०९ पूर्व रेखांशावर आहे. आकडे उलटे भरले, तर आपला संत्र्याचा बगीचा उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार बेटांच्या बर्फात जाऊन पडतो!

दुसरे, अंश म्हणजे मीटर नव्हे. नागपूरजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर, तर रेखांशाचा १०३.९ किलोमीटर भरतो. दोन्ही सारखे धरले तर हिशेब बिघडतो. आणि मोबाइलने दाखवलेल्या आकड्यात दशांशचिन्हापुढे पाच अंक तरी लिहा. पाचवा अंक साधारण एका मीटरचा असतो. तीनच लिहिले, तर शंभर मीटरपर्यंतचा घोळ होतो.

तिसरे, मोबाइलचे माप काही मीटर इकडेतिकडे असते, झाडाखाली त्याहून जास्त. म्हणून बियाणे, फवारणी, मक्ता यांच्या अंदाजासाठी ते वापरा. बांधाच्या भांडणासाठी मुळीच नको. हद्दीचा प्रश्न असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. मुलीचा नकाशा हाती घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर गेलात, तर विद्या कामाची आणि वैर कायमचे!

एवढे जमले की पुढची पायरी. युरोपचे 'सेंटिनेल-२' उपग्रह काढतात ती चित्रे कोणालाही फुकट मिळतात. त्यांतला बारीकात बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे बरोबर एक आर. आपल्या सातबारावरचाच आर. तुमचा तुकडा त्या चित्रात साधारण ८० चौकोनांचा. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंची वजाबाकी भागिले बेरीज केली, की त्या चौकोनातल्या हिरवाईचा आकडा मिळतो. तो कुठे घसरला ते घरबसल्या कळते. पण का घसरला ते कळत नाही. झाडाला डिंक्या लागला की पाणी कमी पडले, हे बगीच्यात जाऊनच पाहावे लागते. पावसाळ्यात ढग आडवे येतात, हेही ध्यानात ठेवावे.

ही विद्या आपल्या मुलखाला परकी नाही. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचे काम विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केले. मोजत मोजत ते नागपूरकडे निघाले असता १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. नागपुरातच १९७६ पासून मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे आणि १९८८ पासून राज्याचे सुदूर संवेदन केंद्र. तिथे नकाशांवरच काम चालते. तुमच्या मुलीला नोकरी लागेलच असे मी लिहून देत नाही. पण घरचा हिशेब ती नक्की सुधारील.

तेव्हा ताई, घरधन्यांना एक करायला सांगा. येत्या रविवारी मुलीला घेऊन त्या तुकड्यावर जा. टेपने चार बांध मोजा आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे आडवे अंतरही मोजा. शेत चौरस असेल तर ते १४१ मीटर भरेल. नाही भरले, तर पुढचा मक्ता ठरवताना हिशेबाचा कागद मुलीच्या हाती द्या आणि तिला बोलू द्या.

माप काय आले ते जरूर कळवा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी