दवाखाना हलवण्याआधी पेशंटला विचारा

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या आम्हा नृसिंहवाडीकरांना पुराचं पाणी दत्तमंदिरातून वाहतं त्या दक्षिणद्वार सोहळ्याचं कौतुक, पण महापुराची धास्तीही. २००५, २०१९, २०२१... पाणी चढलं की माणसांबरोबर दवाखानाही उंचावर न्यावा लागतो. ते योग्यच. पण नकाशात उंच दिसणारी जागा माझ्या आईच्या गुडघ्यांना झेपेल का, हे आईलाच विचारावं लागेल! शिवाय ग्रामसभेत बोलतात बहुधा पुरुष. रोज बीपीची गोळी घेणारी बाई मागे गप्प बसते. म्हणून आशाताईंनी मे महिन्यातच घरोघरी विचारावं: डायलिसिस कुणाचं, दिवस कुणाचे भरत आलेत, जनावरं सोडून कोण निघणार नाही? मग जागा ठरवावी. आणि कुणाच्या सांगण्यावरून काय बदललं, तेही दवाखान्याच्या दारावर लावावं. नाहीतर पुढच्या वर्षी कोण कशाला सांगेल?