घराण्याचें नांव आणि मूळ पुरुष

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं कुलवृत्तांत असेल. त्यांतील मूळ पुरुषच उद्यां पुराव्याअभावीं गाळावा लागला, तर आडनांवाचें काय करावें? प्राणिशास्त्रांत असा प्रसंग खरोखर आला आहे, आणि तो मूळ पुरुष आपल्याच देशांतील आहे.

ठगांच्या बंदोबस्ताकरितां प्रसिद्ध असलेले स्लीमन यांस इ. स. १८२८ मध्यें जबलपूर येथें कांहीं अश्मीभूत हाडें सांपडलीं. ‘डायनोसॉर’ हा शब्दच तेव्हां नव्हता; रिचर्ड ओवेन यांनीं तो १८४२ मध्यें योजिला. हाडें हस्तेपरहस्तें कलकत्त्यास गेलीं, व १८७७ मध्यें रिचर्ड लायडेकर यांनीं त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हें नांव प्रसिद्ध केलें. प्राणी चतुष्पाद, शाकाहारी, लांब मानेचा. काळ सुमारें सात कोटि वर्षांपूर्वींचा.

एवढ्या अवाढव्य देहाच्या नांवास मुख्य आधार काय, तर शेपटीचे दोन मणके! मणक्याची पुढली बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागली गोलसर फुगीर. एकाचा फुगवटा पाठच्याच्या वाटींत बसावा, अशी ती ठेवण. लायडेकर यांच्या वेळीं ती अपूर्व वाटली, यांत नवल नाहीं. परंतु पुढें दक्षिण अमेरिकेंत व अन्यत्र तसेच मणके निघत गेले, आणि एकाची म्हणून मानलेली खूण साऱ्या कुळाची ठरली. ती आतां गोत्र सांगते, व्यक्ति सांगत नाहीं. म्हणून २००३ मध्यें विल्सन व अपचर्च या पंडितांनीं मूळ नांव रद्द ठरविलें. कुळास मात्र सारे जग ‘टायटॅनोसॉर’च म्हणतें, अर्जेंटिनांतील प्रचंड प्राणीही त्यांतच मोडतात. हा निवाडा कठोर खरा, पण आम्हांस तो योग्य वाटतो.

मधल्या काळांत तीं हाडेंही गहाळ झालीं होतीं. २०१२ मध्यें त्यांपैकीं एक मणका कलकत्त्यासच, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहांत, पुन्हां हातीं लागला.

ज्या खडकांत हे अवशेष मिळतात, त्यांस जबलपूरजवळील नर्मदेच्या लमेटा घाटावरून नांव पडलें आहे. तेच खडक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत डोंगरगांवींही आहेत. तेथील सांगाड्याचीं हाडें पुष्कळ मिळालीं, म्हणून त्याची ओळख पक्की. १९९७ मध्यें त्यास ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ म्हटलें होतें. २००३ च्या वाटणींत तो वेगळा निघाला, आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ‘इसिसॉरस’ झाला.